लिंबांवर अडलेली गाडी

...आणि वर मलाच विचारतात, ‘पौर्णिमे, तोंड पाडून काऊन बसली?’ अहो, तोंड पाडू नको तर काय करू, माझी खोली गेली! दहावीचं वर्ष म्हणून आईने घरामागची टिनाची शेड झाडून मला दिली होती. टेबल, ट्यूबलाइट आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी! तुम्हाला सांगते, पाहुणा आला की ज्या घरात ‘पौर्णिमा, ती कविता म्हणून दाखव’ सुरू होतं, त्या घरात कडीची किंमत माझ्यासारखीलाच विचारा. बरोबर अकरा दिवस मी ती कडी लावली. बाराव्या दिवशी गाडी आली. दार लहान पडलं म्हणून दारासकट, कडीसकट, एक अख्खी बाजूच उचकटून काढली. झालं!

आणि गाडी तरी कशी? बाबांचे मामा, रोहण्याचे रूपराव आजोबा, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी कुठूनशी सुटी गाडी मागवली होती. म्हणजे फायबरची बॉडी एका खोक्यात, नट-बोल्ट दुसऱ्यात, आणि इंजिन कुठल्यातरी भंगार मोटारीतलं... घरीच जोडायची! जोडली. दोन सीट, लाल रंग, समोरून थेट बेडूक. आर्वीला दोनदा गेली म्हणे. पहिल्यांदा स्वतः परत आली, दुसऱ्यांदा बैलांनी आणली. मग पस्तीस वर्षं गोठ्यात. कोंबड्यांच्या किती पिढ्या तिच्यात वाढल्या, ते कोंबड्यांनाच माहीत. शेवटी आजोबा म्हणाले, ‘घेऊन जाय रे बापू, मले गोठा पाह्यजे.’ बाबांना वाटलं, मामांनी वारसा दिला! अहो, त्यांनी गोठा साफ केला!

आठ माणसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उचलून ती शेडमध्ये ठेवली, कारण चाकं एकही फिरत नव्हती. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अन् पोरीच्या अभ्यासाचं काय?’ तर बाबा म्हणतात, ‘आधी सुरुवात तर होऊ दे! दिवाळीले गाडी रस्त्यावर, पोरगी खोलीत!’

कोणती दिवाळी, ते काही बोलले नाहीत.

मग जाम गावाहून अंकुशदादा आले, हायवेवर ट्रक दुरुस्त करणारे. गाडीभोवती फिरले, चाकाला एक लाथ मारली. ‘काका, ब्रेक गंजून धरले हायेत. चारही चाकं खोला लागते. पूजा झाली काय?’

‘नाई.’

‘मंग मी पाना नाई लावत. मागं एका टिप्परले बिनापूजेचा हात लावला, तं सासू येऊन चार महिने राह्यली.’

आता मला सांगा, सासूचा आणि टिप्परचा काय संबंध? पण बाबांनी मान हलवली! लॅबमध्ये काम करतात हो माझे बाबा, कॉलेजात, विज्ञानाच्या! म्हणाले, ‘बरोबर हाय. आधी सुरुवात तर नीट होऊ दे!’

मग शेजारचे भैयाजी काका आले. त्यांना सगळ्या पूजा येतात, काम एकही येत नाही. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला आणि प्रत्येक चाकासमोर चिकटून एक-एक लिंबू ठेवलं. ‘आता गाडी लिंबांवरून गेली का पूजा पूर्ण. लावा जोर!’

लावला की! सगळी गल्ली लागली... ‘हईशा!’... ‘अजून थोडं!’... ‘थांबा, थांबा, मागचा दिवा हातात आला!’ गाडी तसूभर हलेना. लिंबं आपली टवटवीत, गंमत बघत.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी बोलले. म्हटलं, ‘काका, गाडी उचलून लिंबांवर ठेवली तर?’ सगळे माझ्याकडे वळले. कानापर्यंत लाल झाले मी. भैयाजी काका म्हणतात, ‘वरून दाबून फोडलं तं सरबत होते पोरी, पूजा नाई! चाकानं फिरूनच चिरडा लागते.’

म्हणजे बघा हं! चाक फिरल्याशिवाय पूजा होत नाही, पूजा झाल्याशिवाय अंकुशदादा पाना लावत नाहीत, आणि पाना लावल्याशिवाय चाक फिरत नाही. मी दहावीत आहे, मला कळतं. तिथे उभ्या वीस मोठ्या माणसांतल्या एकाला तरी कळावं की नाही? अंकुशदादा तर चहा पिऊन ‘पूजा झाली का फोन करजा’ म्हणून निघूनसुद्धा गेले!

दोन महिने झाले. लिंबं सुकून सुपाऱ्या झाली. आई विचारते, ‘फेकू काय हे?’ बाबा ओरडतात, ‘नोको! पूजा मोडते!’ पूजा अर्धी म्हणून गाडी हलवायची नाही, गाडी बाहेर निघायची आहे म्हणून शेडची बाजू लावायची नाही, आणि माझं टेबल टीव्हीच्या शेजारी. त्यात आता पाहुणे गाडी बघायला येतात. गाडी बघून झाली की चहा, चहा झाला की ‘पौर्णिमा, ती कविता...’

पंधरा दिवसांपूर्वी असेच वर्धेहून पाच जण आले. पाचव्याने ‘कविता’ म्हणताच मी बीजगणिताचं पुस्तक उचललं आणि मागे पळाले. लपायला जागा कुठे? गाडीत शिरले. दार ओढलं... आणि काय सांगू, लागलं! घट्ट! आतून खटका दाबला तर तोही बसला. कोंबड्यांचा वास आहे, नाही असं नाही, पण माणूस एकही नाही! स्टिअरिंगला पुस्तक छान टेकतं. त्या दिवसापासून मी तिथेच असते.

काल बाबा शेडबाहेर उभं राहून रूपराव आजोबांशी फोनवर बोलत होते. छाती इतकी पुढे! ‘हो मामाजी, सुरुवात झाली म्हंजे काय, काम जोरात चालू हाय! पोरगी तं शाळेतून आली का रोज चार-चार तास गाडीतच असते!’

यात खोटं म्हणावं तरी कशाला? मी काच वर केली आणि पुढचं गणित घेतलं.