ह्लिनावा क्लबचा इतिहास, आठ मिनिटांत

...नाही, रेणूकाकू, तुम्ही तिकडून कितीही हात हलवा, मी खाली उतरणार नाही! आठ मिनिटं दिलीत ना? दिलीत. मग? आणि मंडळी, तुम्हीही जरा बसा हो, जेवण कुठे पळून जात नाही, श्रीखंडाचे डबे मीच आत नेऊन ठेवलेत... तुम्हाला सांगतो, आठवडाभर सगळे माझ्या मागे लागलेत. रेणूकाकू फोनवर कशा, "अरे राजस, वी आर ऑल सो सॅड, पण तुझ्या दादाचा तो फुटबॉलचा आयटम आता कॅन्सल करूया ना? त्या स्लॉटमध्ये मुलींचा डान्स घेते." मी म्हटलं, काकू, दादाने नाव दिलंय म्हणजे दिलंय!

तर मी परीक्षितचा धाकटा भाऊ. साताऱ्याला गॅरेजमध्ये असतो. दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसू नकोस असं मास्तरच म्हणाले. फेब्रुवारीत दादा गेला. अडतिसाव्या वर्षी. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि... गेला. वहिनीला सोबत म्हणून मी इथे अमेरिकेत, ट्रॉयला आलो, तर फ्रिजवर मंडळाचा कागद, "परीक्षित, आठ मिनिटं, एका स्लोवाक फुटबॉल क्लबचा इतिहास." आता काय करणार तुम्ही? मी कागद काढला नाही. दादाची वही शोधली.

श्रीरंगकाका मघाशी पार्किंगमध्ये म्हणतात, "पण पाडव्याच्या कार्यक्रमात स्लोव्हाकिया कशाला? यात मराठी काय आहे?" काका, तुम्ही आत्ता इथे हिंदी गाणं म्हटलंत, तीन कडवी, कुणी अडवलं का? आणि हा पुढे बसलेला अमन विचारतोय, "काका, इज इट लाइक प्रीमियर लीग?" नाही रे राजा. प्रीमियर लीग गच्चीवर. हा क्लब जिना उतरत जायचा, उतरत जायचा, जिना संपला की तळघर, तिथे!

बरं, इतिहास. दादा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत. लग्नाआधी कंपनीने त्याला तीन वर्षं स्लोव्हाकियात पाठवलं, ह्लिनावा नावाच्या गावात. तिथला हा क्लब. एकोणीसशे एकवीस साली रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटर लोकांनी काढला. फिटर! ऐकताय ना? माझ्यासारखी माणसं! पुढे त्या देशात राज्यं बदलत गेली, आणि जो नवा साहेब येईल तो आधी क्लबचं नाव बदलणार. सात नावं झाली. आणि प्रेक्षक? सातही वेळा पहिल्याच नावाने ओरडत राहिले. मग पूर आला. पुरात एका बाजूचा गोलपोस्ट वाहत गेला, तो खालच्या गावाला लागला. हे आणायला गेले तर खालचे म्हणतात, "आमच्याशी मॅच खेळा, जिंकलात तर न्या." खेळले. हरले. हरणारच हो! चार वर्षं दर वसंतात जाऊन आपल्याच गोलपोस्टसाठी हरून यायचे! पाचव्या वर्षी खालच्या लोकांनाच दया आली, खांद्यावरून आणून दिला.

हसा, हसा. दादाही हे सांगताना हसायचा, फोनवर, मी गाडीखाली झोपलेलो असायचो, पाना हातात, आणि हा तिकडून, "राज्या, ऐक ना!" मी म्हणायचो, नंतर सांग यार, गिऱ्हाईक उभं आहे...

नंतर.

असो. काकू, घड्याळ दाखवू नका, दिसतंय मला. दादाने नाव दिलंय म्हणजे दिलंय! तर वहीत शेवटचं पान. वर लिहिलंय "२०१४". खाली काही नाही. कोरं. आता अर्धवट इतिहास सांगू? लोक म्हणतील, भाऊसुद्धा नापासच! गेल्या रविवारी लावला फोन ह्लिनावाला. क्लबचे सेक्रेटरी, सत्तरीचे आजोबा. ते स्लोवाकमध्ये बोलणार, त्यांची नात ते इंग्रजीत सांगणार, हिमानीवहिनी ते मराठीत सांगणार, आणि मी मान हलवणार.

आजोबा म्हणाले, त्या वर्षी क्लब बुडत होता. पोरं शहरात निघून गेली. शेवटची मॅच. नियम असा की मैदानात निदान सात माणसं उभी हवीत, नाहीतर मॅच नाही. आणि मॅच झाली नाही तर यादीतून क्लबचं नावच काढणार. ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचा क्लब! माणसं किती? सहा. आजोबा प्रेक्षकांकडे वळले. प्रेक्षक किती? अकरा, त्यातले नऊ पेन्शनर, एक कुत्रा... आणि आमचा दादा. चष्मा, स्वेटर, हातात सॉसेज. त्याने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता हो! आजोबांनी विचारलं, याने सॉसेज कुत्र्याला दिलं आणि हात वर केला. तिथल्या तिथे फॉर्म भरला, त्याला गोलकीपर केलं. विसाव्या मिनिटाला पाय मुरगळला. बाहेर जायची सोय नाही! एक गेला की सहाच राहणार, मॅच बंद, क्लब बंद. उरलेली सत्तर मिनिटं एका पायावर उभा राहिला.

इथे वहिनी सांगायची थांबली. मी म्हटलं, काय झालं, पुढे काय म्हणाले? ती म्हणाली, "मला म्हणाला होता, बर्फावरून घसरलो."

आणि क्लब आहे, मंडळी. आजही आहे! काल सकाळीसुद्धा खेळला! त्या सात जणांची नावं ऑफिसात भिंतीवर लावलीत, आजोबांनी फोन फिरवून दाखवली, सातवं आमचं आडनाव, स्पेलिंगसकट बरोबर. मी म्हटलं, वहिनी, दादाने एवढी गोष्ट लपवली का? विचार ना, मॅचचा निकाल काय लागला?

विचारला.

...लिहिलंय मी. कोऱ्या पानावर, माझ्या अक्षरात. दुसरं कोण लिहिणार होतं? काय सांगू तुम्हाला, आमच्या अख्ख्या घराण्यात इतिहासात नाव लागलं ते एकट्या दादाचं... आणि तेही एकोणीस-शून्यने.