पाचवी फेरी

चामराजपेटेतल्या एका नर्सिंग होमच्या बाकावर सुलोचनाबाई एक्स-रेच्या नंबराची वाट पाहत पेंगत होत्या. पंखा संथ फिरत होता. शेजारी घरी निघालेलं एक म्हातारं जोडपं बिल समजून घेत होतं.

"गाळ्यावर कोण बसलंय?" म्हातारीनं विचारलं.

"शेजारचा अण्णा. फुलं तोच विकेल आज."

"सरी, बरं झालं. वाचा पुढे, स्वल्प हळू."

"डॉक्टरांच्या फेऱ्या. चार."

"चार कशा? पाच."

"चारच लिहिल्यात, यमुना."

"ताप होता म्हणून काय मोजता येत नव्हतं मला? चौघं नाडी बघून घाईनं गेले. पाचवे दुपारी आले. सगळा वॉर्ड झोपला होता. कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते उभे होते. माझे डोळे उघडेनात, पण असं गार वाटलं, जसं कुणी तळ्यात अलगद सोडलंय. मग झोप लागली, ती ताप उतरल्यावरच मोडली."

"बरं. पुढचं वाचू?"

"आधी खिडकीवर सांगून या, एक फेरी लिहायची राहिलीय. ज्यांच्या हातानं उठले, त्यांचंच बुडवायचं?"

"दुपारी कुणाला आत सोडत नाहीत गं."

"डॉक्टरांना कोण अडवतंय? एकच कळत नाही. त्यांच्या हाताला दवण्याचा वास कसा?"

म्हाताऱ्यानं बिलाची घडी घातली.

"ते देणं फिटलंय," तो हळूच म्हणाला. "वॉचमनला दोन हात लांब शेवंतीची माळ दिली, तेव्हा कुठे त्यानं आत सोडलं मला."

सुलोचनाबाईंचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या जाग्या होत्या, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.