काटा खाली आणायचा घरगुती उपाय

…आणि वर म्हणे, शांत राहा. आता मला सांगा, शांत राहा म्हणजे नक्की काय राहायचं? अहो, हा गाल बघा माझा, इकडून बघा, उजेडात… सुजलाय की नाही? हा दात हलतोय. हा कान कालपासून वाजतोय. आणि हे केलं कोणी, तर माझ्या सख्ख्या थोरल्या जावेने, जिने जन्मात झुरळ मारलं नाही, झुरळ दिसलं की त्याला झाडूने दारापर्यंत पोचवून येते, त्या बाईने. आणि का केलं? तर तब्येतीसाठी. हसू नका. तुम्हाला सांगते, हसू मलाही येतंय, पण हसलं की दात ठणकतो.

तर आम्ही दोघी जावा एकाच लाँड्रीत. तळघरातली लाँड्री, वर मोठमोठी हॉटेलं, त्यांच्या चादरी खाली आमच्याकडे. एका चादरीला दोन बायका. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघींनी एका तालात ती चादर इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखाली सोडायची. एकीने ओढलं आणि दुसरीचं लक्ष नसलं की चादर तिरकी जाते, आणि मग मुकादम येतो. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो बोलत नाही, वाजवतो. दिवसभर उभं राहायचं. बसायला काही नाही, कारण बसलेली बाई मॅनेजरला दिसली की त्याला वाटतं आपली बाई चोरीला गेली.

थोरली जाड आहे. मी कशाला खोटं बोलू, चांगलीच जाड आहे. पण ओल्या चादरींची दोन गाठोडी दोन काखांत मारून जिना चढते, तिथे शिट्टीला एक उचलत नाही. आणि आमच्या सासूबाई काय म्हणतात, 'खाऊन खाऊन नुसती म्हैस झालीय.' अहो, काय खाऊन? सकाळी गोडमिट्ट चहा, कारण साखर पोटात गेली की हात चालतात. दुपारी शिळा पाव तेलात परतून, कारण तेलातलं संध्याकाळपर्यंत पोटात बसतं, बाकीचं जिना चढता चढताच जिरतं. रात्री बटाटे, त्यावर मीठ, कारण दुसरं काही घालावं तर घरात आहे काय? आणि मग पोरांनी टाकलेलं, नवऱ्याने ढकललेलं, पातेल्याच्या बुडाला लागलेलं… तिला टाकवत नाही. ती पोटभर कधी जेवतच नाही, ती नुसतं उरलेलं संपवते आणि जाड होते.

तर एकदा तिला चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, 'वजन कमी करा, फळं खा, रोज चालत जा, मीठ बंद, तळलेलं बंद, आणि मुख्य म्हणजे शांत राहा.' म्हणे, फळं खा. फळवाल्याच्या दुकानाला आम्ही रोज लांबून वळसा घालतो, पोरांच्या नजरेला पडू नये म्हणून, तेवढंच आमचं चालणं. गोळ्या दिल्या, त्या थोरली चक्कर येईल त्याच दिवशी घ्यायची. चांगल्या दिवशी गोळी घेणं म्हणजे उन्हात रेनकोट घालणं, असं तिचं म्हणणं. आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, ते घरी बसून असतात. पिऊन बसून. एकदा त्यांनी तिच्यावर हात टाकला तर त्यांचंच मनगट मुरगळलं, आणि मग ते शेकत बसलं कोण? हीच. शेकता शेकता विचारते, 'फार दुखतंय का हो?' मी आमच्या दोन बिऱ्हाडांमधल्या पडद्याच्या अलीकडून म्हटलं, जाऊबाई, आता दुसरंही मुरगळा, म्हणजे जोडी होईल. तर मलाच म्हणते, 'शांत राहा गं.'

आता खरी भानगड ऐका. गेल्या आठवड्यात आमच्यातली एक बाई रुळापाशी उभ्या उभ्या कोसळली. हात रुळात जाता जाता वाचला. मॅनेजर घाबरला, बाईसाठी नाही, रुळासाठी. लगेच हुकूम निघाला, की नर्सबाई येणार, सगळ्यांचं बीपी मोजणार, आणि ज्यांचा काटा ठरलेल्या रेघेच्या वर, त्यांना घरी बसवणार. तुमच्याच भल्यासाठी, म्हणाला. बिनपगारी भलं. थोरलीचा चेहरा पांढराफटक. कारण भाऊजींचं बसणं, सासूबाईंचं औषध, पोरांची शाळा, माझ्या नवऱ्याचं काम गेलं की आमचंसुद्धा, सगळं घर तिच्या त्या जाड दंडांवर उभं आहे. ती घरी बसली तर घरच बसलं.

तर उपाय कोणी सांगितला? बॉयलरमामाने. बॉयलरमामा म्हणजे आमच्या बॉयलरवर बसतो तो, डोक्यावर केस नाहीत पण सल्ले भरपूर. म्हणाला, 'अगं बायांनो, एवढं काय रडताय? हा काटा बघा. प्रेशर वाढलं, काटा चढला, की मी काय करतो? चावी फिरवतो, वाफ सोडतो. काटा गपगुमान खाली. माणसाचं वेगळं असतं का? तुम्ही राग गिळता, तो आत साठतो, काटा चढतो. मोजायच्या आधी सोडून द्या की सगळा.' आणि तुम्हाला सांगते, आम्हाला पटलं. का नाही पटणार? आम्ही दिवसभर त्या बॉयलरशेजारी असतो, वाफ सोडली की काटा पडतो हे रोज डोळ्यांनी बघतो. डॉक्टरीणबाईंनी कुठे काय दाखवलं होतं?

झालं, ठरलं. नर्सबाई यायच्या आधी मळक्या कपड्यांच्या खोलीत घुसायचं, दार लावायचं, आणि जिने तिने आपापली वाफ सोडायची. पहिली काडी पुढे झाली. काडी म्हणजे आमच्यातली सगळ्यात बारीक, तिला कसली भीती, ती आपली हौसेने आली. तिने एका गाठोड्याला घरमालक म्हटलं आणि अशा लाथा घातल्या, अशा घातल्या, की गाठोडं सुटून घरमालक खोलीभर पसरला. दुसरीने दिराच्या नावाने उशी दाताने फाडली. आणखी दोघी एकमेकींना धरून थोबाडायला लागल्या, तू आधी, नाही तू आधी, मग आधी कोण ते राहिलंच बाजूला, झिंज्या हातात आल्या. कापूस उडतोय, शिव्या उडतायत, कुणाची चप्पल कुणाच्या डोक्यात… आणि आमची थोरली? आमची थोरली कोपऱ्यातून पडलेली गाठोडी उचलून परत जागेवर ठेवतेय.

मी म्हटलं, मारा ना जाऊबाई. तर म्हणते, 'कोणाला?' कोणालाही मारा, सासूबाईंना आठवा. 'म्हाताऱ्या झाल्या गं त्या.' बरं, भाऊजींना आठवा. 'त्यांना तरी बाहेर कोण विचारतंय, बिचाऱ्यांना.' अहो, आता ह्या बाईला काय म्हणावं? तिकडे जिन्यावर नर्सबाईंच्या चपला वाजायला लागल्या, इकडे हिच्यात वाफच नाही, आणि घटकाभरात हिची नोकरी जाणार, म्हणजे आम्ही सगळेच जाणार. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमच्यात राग नाहीच जाऊबाई, नुसती चरबी आहे. म्हैस ती म्हैसच.

बोलले आणि जीभ चावली. तिने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. नीट ठेवलं, गाठ वर करून. आणि मग मला एकदम छत दिसलं.

थोबाडीत बसलेली कळलीच नाही हो, खाली पडल्यावर कळली. मला वाटलं, चला, सुटली वाफ, झालं काम. कुठलं काय. तिने एक ओली चादर उचलली, पीळ घातला. पिळलेली ओली चादर म्हणजे सोटाच, हाडावर बसतो. पहिली बसली. 'ही म्हैस म्हणालीस त्याची.' दुसरी. 'ही सासूबाई म्हणतात त्याची.' 'ही त्या मनगटाची.' 'ही बसमध्ये दोन जागा अडवते म्हणून हसतात त्यांची.' 'ही फळं खा म्हणाली तिची.' अहो, म्हणाल्या त्या वेगळ्या, हसले ते वेगळे, आणि पाठ माझी एकटीची. 'आणि ही शांत राहा त्याची…' ती जी बसली, ती मी मरेपर्यंत विसरायची नाही. मग केस धरून माझं डोकं गाठोड्यावर आपटायला लागली. गाठोडी कपड्यांची म्हणून आज तुमच्यासमोर बसलेय, भांडी घासायचं काम असतं तर संपलंच होतं.

आधी बाकीच्या ओरडत होत्या, 'सोड, सोड, सगळी वाफ सोड.' मग भिंतीपर्यंत मागे सरकल्या. माझा ओठ फुटलेला, रक्त चादरीवर. आणि ते रक्त बघून थोरली थांबली, आणि तुम्हाला सांगते, तिने तोच हात स्वतःच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. फाडफाड. 'आणि ही माझी. ही पण माझी. का गिळते गं मी सगळं, का गिळते…' मार खाताना मी रडले नव्हते, तेव्हा रडले. तिचे हात धरायला सगळ्या तुटून पडल्या तरी ते हात आवरेनात.

तेवढ्यात शिट्टीने दार उघडलं आणि सवयीने शिट्टी तोंडात घातली. थोरलीचा एक हात सुटलेलाच होता. ती शिट्टी एकदाच वाजली, फार बारीक, आणि मग तो खाली बसला. कामाच्या वेळेत खाली बसलेला शिट्टी मी पहिल्यांदाच बघितला.

मग आम्ही केस बांधले, पदर सारखे केले, रांगेत उभ्या राहिलो. मनातून खूश. म्हटलं, आता काटा तळाला गेला असणार. नर्सबाईंनी काडीपासून सुरुवात केली. काडी रेघेच्या वर. काडी रडायलाच लागली, 'अहो पण मी बारीक आहे.' नर्सबाई म्हणाल्या, 'बारीक लोकांनाही होतं. झोपता कधी? खाता काय?' पुढची, रेघेच्या वर. तिच्या पुढची, वर. मी, वर. नर्सबाईंनी मशीन हलवून बघितलं, स्वतःच्या हाताला लावून बघितलं, मशीन चांगलं होतं. मग थोरली. तिच्या दंडाला पट्टा पुरेना. ओढून ओढून लावला, हवा भरली, तर फर्रकन सुटला. नर्सबाई म्हणाल्या, 'मोठा पट्टा हवा होता, ह्याने आकडा चढाच येतो.' शेवटी मी दोन्ही हातांनी पट्टा आवळून धरला, फुटक्या ओठाने. नर्सबाईंनी काट्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, 'पट्ट्याचं सोडलं तरी हे फार आहे. बाई, तुम्ही उभ्या कशा?' थोरली म्हणाली, 'खुर्ची नाही ना.'

नर्सबाई मॅनेजरला म्हणाल्या, 'ह्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या, डोक्यातली शीर फुटेल. बाकीच्यांनाही औषध लागेल. आणि मी येण्याआधी ह्या बायका करत काय होत्या?' मॅनेजरने आमच्याकडे बघितलं, मग चादरींच्या ढिगाकडे, मग घड्याळाकडे, कारण संध्याकाळी हॉटेलाची गाडी. अख्खी रांगच घरी बसवली तर रूळ चालवणार कोण, तो स्वतः? तर म्हणाला, 'बाई, ही रेघ कोणी ठरवली?' त्या म्हणाल्या, 'डॉक्टरांनी.' हा म्हणाला, 'इथे खाली गरम असतं, इथली रेघ जरा वर पाहिजे.' 'अहो, हा काय भाजीबाजार आहे?' 'बरं, थोडीच वर घ्या.' थोडी वर घेतली, तर अर्ध्या बायका पास. 'अजून जरा.' काडी पास, मी पास. थोरली एकटी उरली. मॅनेजरने तिच्या दंडांकडे बघितलं, कोपऱ्यातल्या ओल्या गाठोड्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, 'त्यांच्याही वर घ्या.' शिट्टी गाल धरून म्हणाला, 'साहेब, पण तिने मला मारलं.' तर साहेब म्हणतात, 'मग तब्येत उत्तमच आहे की.' नर्सबाई नाही म्हणाल्या, भांडल्या, कागदावर सही करणार नाही म्हणाल्या, तर त्याने स्वतःच केली. त्या बिचाऱ्या पिशवी आवरून निघाल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'आजच न्या हो हिला.' आणि थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून, दुसरं काय सांगणार, म्हणे, शांत राहा.

आम्ही परत रुळावर. थोरली माझ्या ओठाकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. चादर उचलली तर तिचे हात नुसते हवेत फिरतायत. म्हणाली, 'अगं, तू बोललीस ते मी विसरले, मी मारलं ते तू विसर. पण ही जमीन हलतेय का गं? मला चादरी दोन दोन दिसतायत.' दवाखान्यात नेलं तर दोघींचा दिवस जातो, आणि मॅनेजर म्हणणार, पास झालेली बाई दवाखान्यात कशाला? भाऊजींना सांगावं तर ते बसलेले. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, आधी थोरल्याला विचार. काय करणार होते मी, तुम्हीच सांगा. म्हटलं, जाऊबाई, आत्ताच पास झालात तुम्ही, आता निदान पगार होईपर्यंत तरी नापास होऊ नका… दोन दिसतायत ना? मग त्यातली जवळची धरा.