दोन गावांचं जेवण

शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. कोल्हापूरच्या कोर्टाच्या ओसरीवर मदिना खांबाला टेकून बसली होती. चौकीतल्या शिपायानं अब्रू घेतली, हे आत साहेबापुढं सांगायचं होतं. पाय मात्र घराकडं ओढत होते. शेजारी जमिनीच्या तंट्याला आलेल्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"शालू आठवती का गं?"

"न आठवाय काय झालं? जात्यावर बसली की गल्ली ऐकत ऱ्हायाची. काय गळा हुता!"

"पाटलानं तिची अब्रू घेतली, तवा पंच बसलं हुतं."

"ज्याच्या भरवशावर गाव निजायचं, त्योच त्यो! म्हनून तर दंड दुप्पट लावला."

"दुप्पट म्हंजे?"

"एका गावाच्या जागी दोन गावांना जेवण."

"आता काळं पाणी देत्यात म्हनं."

"तवा कुठलं? आन् जेवणाचं दळण कुनी दळलं, ठावं हाय?"

"कुनी?"

"शालूनं. पीठ लई बारीक काढती म्हनून पंचांनी पोती तिच्याच दारात टाकली."

"मग गायली?"

"न्हाय गं. नुसतं जातं ऐकू आलं. परत कवाच न्हाय गायली."

पट्टेवाल्यानं पुकारा केला, "मदिना मीरासाब हाजीर हाय काऽऽ?"

"हाय की!" मदिना उठत म्हणाली, इतक्या मोठ्यानं की पायऱ्या उतरणारे वकीलही थबकले.