सेकंदरावांनी न केलेली सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचे संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेले विमान कंपन्यांचे प्रतिनिधी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, त्यांच्या सौभाग्यवती म्हणजे आमच्या विहीणबाई, समोरचे नियंत्रक, रेडिओ कक्षातले माझे सहकारी, सगळ्यांच्या घरची मंडळी, आणि ड्युटीवर असल्यामुळे येऊ न शकलेले, ज्यांनी या क्षणी माझ्याकडे नव्हे तर पडद्याकडे लक्ष द्यावं असे बाकीचे सगळे!

सत्कारमूर्तींना काय म्हणून हाक मारावी, इथेच माझा पहिला गोंधळ. ऑफिसात ते माझे वरिष्ठ. घरी माझे व्याही, कारण माझी लेक त्यांच्या थोरल्याला दिली. आणि साऱ्या केंद्राचे ते सेकंदराव. हे नाव कोणी ठेवलं ते मला ठाऊक आहे. पण ती व्यक्ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिची बढती अजून व्हायची आहे, तेव्हा राहू दे.

मी या इमारतीत आलो तो केबल ओढायला. भिंतींना भोकं पाडत पाडत रेडिओ कक्षात शिरलो, तो तिथेच रमलो. शिक्षण बेताचं, पण कान बरे मिळाले. खरखरीतून वैमानिकाचं बोलणं वेगळं काढायचं, एवढ्या एका गुणावर मला वर वर ढकलत नेलं, आणि उद्यापासून व्याह्यांच्या खुर्चीत बसवणार आहेत. अशा माणसानं आज त्यांचं कौतुक करायचं. करणारच आहे. पण मी भाषण लिहायला बसलो आणि कळेना, की मी नेमकं कशाचं कौतुक करतो आहे.

घरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. मधल्या समुद्रावर रडार पोचत नाही. तिथे विमान कुठे आहे, हे विमानच आपल्याला उपग्रहामार्फत कळवत राहतं. आपण त्याला ‘उंची बदला’ असं लिहून पाठवतो, वैमानिक ते वाचतो आणि बटण दाबून ‘बदलतो’ असं कळवतो. या दोन्ही गोष्टी किती वेळात व्हाव्यात, याचं माप ठरलेलं आहे. आपण पाठवलेल्या हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव संदेशांना चार मिनिटांच्या आत उत्तर यायला हवं. विमानानं आपला ठावठिकाणा कळवला तर तो तीन मिनिटांत पडद्यावर दिसायला हवा. हे माप पाळलं जात असेल, तर एकामागून एक जाणाऱ्या विमानांमध्ये पन्नास मैलांऐवजी तीस मैल ठेवता येतात. मग प्रत्येकाला हवी ती उंची मिळते, इंधन वाचतं, कंपन्या खूश, कंपन्या खूश म्हणून साहेब खूश. माप पाळलं जात नसेल तर आपले पन्नास बरे. हे माप सांभाळायचं खातं म्हणजे सेकंदराव.

हा माणूस घरीही तसाच आहे बरं का! सोयरीक ठरत होती तेव्हा आम्ही होकार धाडला, तर यांचं उत्तर यायला तीन दिवस लागले. मी पुढे थट्टेनं म्हटलं, “काय व्याही, मापात बसतं का हे?” तर गंभीरपणे म्हणाले, “तुमच्याकडून निघालं कधी आणि माझ्यापर्यंत पोचलं कधी, ते वेगवेगळं बघावं लागेल. मधे तुमची मेहुणी होती.” मेहुणी इथे आलेली नाही म्हणून सांगतो, दिरंगाई खरोखर तिच्याकडेच निघाली.

असो. तर गेलं वर्षभर आपले आकडे झकास येत होते. साहेबांनी सगळीकडे सांगितलं, आता तीस मैल. माप पाळलं जातंय असं प्रमाणपत्र तयार झालं. खाली फक्त सेकंदरावांची सही राहिली. आणि तेवढ्यात मी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर तोंड उघडलं.

मी सहज म्हटलं, “हे लिहून पाठवायचं सुरू झालं की आमचं बोलणं कमी होणार होतं ना? आमच्या लोकांचे तर घसे बसलेत.”

त्यांनी कप खाली ठेवला. “एवढं बोलता कोणाशी?”

“विमानांशी. नियंत्रक सांगतात, अमक्याचं उत्तर आलं नाही, जरा आवाजावर विचारा.”

“माझ्याकडे तर सगळ्यांची उत्तरं वेळेत येतात.”

“मग आम्ही काय भुतांशी गप्पा मारतो?”

चहा तसाच टाकून ते उठले. एवढ्या वर्षांत मी हे प्रथमच पाहिलं.

प्रकार असा होता. नियंत्रक संदेश पाठवतो. उत्तर येईना, तर तो रेडिओ कक्षाला सांगतो. आम्ही हाक मारतो, वैमानिक बोलून उत्तर देतो, काम होतं. मग पडद्यावर तो लेखी संदेश लोंबकळत राहू नये म्हणून नियंत्रक तो हातानं बंद करतो. आणि हिशेब करणारं यंत्र फक्त बटण दाबून उत्तर आलेलेच संदेश मोजतं! म्हणजे रेंगाळलेले गळाले, चटपटीत तेवढे उरले. नापास मुलांना वर्गाबाहेर उभं करून लावलेला निकाल! यात लबाडी कोणाची? कोणाचीच नाही. प्रत्येकानं आपापलं काम नीटच केलं होतं. माझं डोकं फिरतं ते इथेच.

समुद्रावरची विमानं सांभाळणाऱ्या टेबलावर नियंत्रक म्हणून आमची लेक बसते, म्हणजे त्यांची सून. त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ती ताटावरच सासऱ्यांवर तडकली.

“अप्पा, उत्तर आलं नाही तर काय हात बांधून बसू? वर माणसं आहेत!”

“बसू नकोस बाळ. लगेच हाक मारायला सांग.”

“मग माझं चुकलं कुठे?”

“कुठेच नाही. फक्त उत्तर आलं नाही, हे नोंदीत तसंच राहू दे.”

“पण आलं ना! आवाजावर आलं!”

“त्या वाटेनं नाही आलं.”

“अहो, पण आलं की नाही?”

“आलं.”

“मग?”

विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, “दोघांपैकी एकानं तरी जेवा.” लेक माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही सांगा!” मी पाणी मागितलं.

साहेबांचं म्हणणंही मला पटतं, हं. ते म्हणतात, एक वाट अडली, दुसरी खुली होती. वैमानिकाला कळलं, त्यानं केलं, कोणाला ओरखडासुद्धा नाही. मग अडलं कुठे? बरोबर आहे. मग मी व्याह्यांकडे जातो. ते म्हणतात, “आज मधे पन्नास मैल आहेत म्हणून दुसरी वाट धरायला सवड मिळते. तीस करा, विमानं वाढवा, आणि एका वाईट दुपारी दहा जणांची उत्तरं एकदम अडू देत. तुमचा कक्ष किती जणांना पुरेल?” हेही बरोबर. कक्ष माझा, तेव्हा उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, “मलाही नाही. म्हणून सही नाही.” घरी आल्यावर बायको विचारते, “साहेबांचं पटलं, व्याह्यांचं पटलं. मग तुमचं स्वतःचं काय?”

पुन्हा मोजा म्हणाल, तर तेही करून झालं. हातानं बंद केलेल्या संदेशांत काही रेंगाळलेले होते, काहींचं विमान आपल्या हद्दीतून निघून गेलं होतं, काही वेळा नियंत्रकाचाच बेत बदलला होता. कोणता कशासाठी बंद केला, हे आता कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे आपला आकडा पास नाही, नापासही नाही. तो आहे, एवढंच.

तिकडे मागे आत्ताच कोणी तरी म्हणालं, “म्हातारा जाता जाता खोडा घालून चालला.” माझे कान अजून शाबूत आहेत, मित्रा. आणि व्यासपीठावरच्या आपल्या पाहुण्यांपैकी एकजण मघाशी शेजाऱ्याला म्हणाले, “उद्या नवा माणूस येतोय, तो करील.” तो नवा माणूस मी. आपली ओळख राहिली होती, नमस्कार.

साहेबही पायऱ्या चढताना माझ्या कानाशी म्हणाले, “जरा गोड बोला आणि सहीचा विषय काढा. ऑफिस सुटायला अजून अवकाश आहे.” साहेब, मला जमलं तेवढं गोड बोललो. विषयही काढला. आता सगळ्यांसमोर विचारूनच टाकतो. व्याही, आज तर तुम्ही सही करणार नाही. उद्या मी करू का?

काय? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

ते म्हणतात, “मला विचारू नका. उद्यापासून मी नुसता प्रवासी. पुढच्या महिन्यात धाकट्याकडे निघालोय, समुद्रावरून.”

हसू नका मंडळी. मला हसू येत नाहीये.

साहेब, तो कागद उद्या माझ्या टेबलावर येईल. मी सही करणार नाही. नकारही देणार नाही, कारण नकार द्यायलाही काही तरी कळलेलं असावं लागतं. ‘कळलेलं नाही’ असा शेरा मारून परत पाठवीन. ज्या संदेशासाठी रेडिओ कक्षाला हाक मारावी लागेल, तो उद्यापासून उत्तर न आलेला म्हणूनच मोजला जाईल. लेकी, ऐकतेस ना? हाक मारायला क्षणभरही थांबायचं नाही. जीव आधी, आकडा नंतर. आकडे वाईट आले तर वाईट. चांगले आले तर सही करायला सर्वांत आधी मी पेन काढीन. कळेपर्यंत पन्नास मैल. व्याही, तुम्ही समुद्रावर असाल तेव्हा तुमच्या पुढेही पन्नास असतील आणि मागेही पन्नास. मी बरोबर करतो आहे की चूक, ते मला आज सांगता येणार नाही.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलून तसाच परत ठेवला आहे, तेव्हा मी आवरतो. सभागृह सजवणाऱ्यांचे, आपली पाळी बदलून आलेल्यांचे आणि ती बदलून देणाऱ्यांचे आभार. विहीणबाई, तुमच्या माणसाला आम्ही इतकी वर्षं वापरलं, तुमचे तर किती मानावेत! निरोपाच्या दिवशी कामाचं रडगाणं गायलो, मान्यवरांची कुजबुज माइकवर आणली, याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. आणि सही न झाल्याचा जो काही राग या गृहस्थांवर असेल, तो आजच्या तारखेनं माझ्याकडे वर्ग करावा, ही नम्र विनंती. नमस्कार.