दुसरं ताट

नांदेडच्या स्टँडवर किशनराव एकटेच बसले होते. पाठीमागच्या बाकावर भार्गवी नावाची एक मुलगी आणि मुखेडच्या केवळाबाई बोलत होत्या, ते त्यांना ऐकू येत होतं.

"कशाची नोकरी म्हनलीस?"

"समुपदेशकाची, मावशी. लातूरला होस्टेलच्या पोरांचं मन ऐकून घ्यायचं. दोनला मुलाखत आहे."

"ऐकायचा पगार देतेत?"

"देतात, पण दोन वर्षांचा अनुभव मागतात. माझा सहाच महिन्यांचा आहे."

"मंग दोन वरीस म्हनून ठोकून दे की!"

"नाही जमत मला. तुमच्या घरी कोण असतं?"

"कुलूप असतंय. मालक हरिनाम सप्त्यात गळ्यात वीणा घेऊन उभे राहायचे. विण्याची पाळी सुटली की घरी जेवायला यायचे. त्यांना जाऊन पाच सालं झाली, तरी सप्ता लागला की मी दोन ताटं वाढते."



"जेवता कोणत्या ताटात?"

"...त्यांच्या. हे कुनीच इचारलं न्हवतं गं."

"लातूर, लातूर!" कंडक्टर ओरडला.

"ऊठ बाई. सांग त्यांना, केवळाबाईचं ऐकलं म्हनून."

"ते कागदावर चालत नाही, मावशी."

"मंग कागदच येडा हाय त्यांचा. जा, गाडी सुटंल!"

भार्गवीनं केवळाबाईंचा हात क्षणभर धरला आणि ती गेली. बाकावर केवळाबाई एकट्याच उरल्या. किशनरावांना वाटलं, आता आपण काहीतरी विचारावं. ते वळले.

"बाई, मुखेडची गाडी कवा हाय?"

"ही काय, समोर उभी," केवळाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून चालू लागल्या.