चोवीस इंची मॉनिटर

नाही नाही ताई, सत्तावीस इंची नकोच — किती वेळा सांगू? चोवीस. त्याच्या खाली कॅमेऱ्याची एक पट्टी चिकटवायचीय, ती डोळे वाचते, आणि तिला चोवीसच्या पुढे झेपत नाही. हो, डोळे. माझ्या बायकोचे. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली — नसांचा आजार — आता तेवढे डोळे हलतात. ती अक्षराकडे बघणार, अक्षर उमटणार. तेव्हा ते गेमवाल्यांचं एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचं कौतुक मला सांगू नका, तिला काय गाड्या उडवायच्यात? साठ पुरे. हा चकचकीत बाद — पलंगासमोर खिडकी आहे, दुपारभर स्वतःचंच तोंड बघत बसेल बिचारी. तो दाखवा, मॅटवाला. मागे चार भोकं आहेत ना, भिंतीच्या आर्मसाठी? आहेत. थांबा, जरा बाजूनं बघू द्या — हा पांढरट पडतोय बघा! तिची मान एका अंगाला कलते, कितीही उशा लावा. म्हणजे हाही बाद. उरले दोन.

काय? हो, कालही आलो होतो, तुम्ही नव्हता, तो चष्मेवाला होता. घाई कसली आहे? इतके दिवस ह्याच्यावाचून चाललंच होतं की आमचं! मी म्हणायचो, क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ — तिनं पापणी मिटली की थांबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. आणि अख्खा शब्द लागतोय कुणाला, मला दोन अक्षरांत कळायचं. आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलंय मी, शेजारचा चुकायच्या आधी माझा पाय माझ्या ब्रेकवर — सवयच लागते ती. हल्ली मात्र ती एकच वाक्य सुरू करते. 'मला आता'. मी म्हणतो, कूस बदलायचीय? डोळे वर करते, म्हणजे नाही. पाणी? नाही. पंखा? नाही. मग झोपायचं असेल, कळलं, कळलं, म्हणून मी दिवा घालवतो. भर दुपारीसुद्धा पडदा ओढतो हो!

मग मुलगी आली. ती बसली उशाशी, एकेक अक्षर घेत, मध्ये तोंड न घालता. मी दारात उभा. वाक्य पूर्ण झालं. पोरीनं ते मोठ्यानं वाचलं नाही — उठली, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर येऊन म्हणते, 'बाबा, स्क्रीन आणा. आईला तुम्हाला स्वतःच सांगायचंय.' सांगायचंय काय, मला ठाऊक नाही का? डॉक्टरांनी विचारलं होतं, श्वास कमी पडायला लागलाय, घशाला भोक पाडून मशीन लावायचं का. मी हो म्हणून मोकळा झालो. तिच्या वतीनंच म्हणालो — म्हणजे, तिला विचारलं नाही, पण विचारायचं काय त्यात? मशीन लावलं तर जगेल ना ती! नुसती पडून राहिली तरी चालेल मला. मी करतोच आहे की सगळं, कधी कुरकुर केली? रिकाम्या पलंगापाशी बसून काय करू मी, सांगा ना.

जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतोय हे. ह्या दोन्हींत फरक काय ते बोला. ह्यात स्पीकर आतच आहे? म्हणजे तिनं लिहिलेलं हा घरभर बोलून दाखवणार — मी स्वयंपाकघरात असलो तरी? आणि ह्यात? नाही. किंमत सारखीच? मग बिनस्पीकरचा द्या. अहो, तोटा आहे हे मलाही कळतं! पण लिहिलेलं वाचायला मान वर करावी लागते माणसाला. नाही केली तर नाही केली. असं काय बघताय माझ्याकडे? फुकट असले तरी ते वेगळे स्पीकर नकोत. नको म्हटलं ना! बांधा तो.